धाकटीचं निरोगी रक्त

४ मार्च
झालं एकदाचं! रक्त दिलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे माझ्या ह्या मज्जातंतूंच्या दुखण्यावाल्यांच्या रक्तात कोणते विषाणू सापडतात, कुठलं जीवनसत्त्व किती असतं, असा अभ्यास चाललाय. माझं आजारी रक्त आणि तुलनेला धाकट्या बहिणीचं निरोगी. सुई पाहताच तिनं माझा दंड जो आवळला! आजारी कोण, नर्सबाईंना कळेना.

५ मार्च
आमच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर गर्दी. पायांनी कुरकुर केली नाही. शहाणे झालेत.

१९ मार्च
निकाल आला. अभ्यासाचा मुख्य संशय ज्या विषाणूवर, तो दोघींच्याही रक्तात! धाकटीचा चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हा बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो. एकदा शिरला की मुक्काम ठोकतो. आजार मोजक्यांनाच होतो." का होतो, ते त्यांनाही पुरतं ठाऊक नाही. मला उलट बरंच वाटलं: विषाणू असूनही धाकटी ठणठणीत!

ड जीवनसत्त्व मात्र माझं जेमतेम आणि तिचं भरभरून! ही बाई तर उन्हात पाऊल टाकत नाही. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "ताई घेते त्याच ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मीही घेत होते. जानेवारीपासून."

"अहो, तुमचं रक्त आहे तसं हवं होतं आम्हाला!"

झालं — अभ्यासातून बाद! मला हसू आवरेना. शाळेत घोकंपट्टी करायची, आता रक्ताच्या परीक्षेलाही तयारी करून गेली. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "एक आजारी, दुसरी अतिशहाणी. मी कुठे जाऊ?"

२० मार्च
दुपारी दुकानात निवांत होते. मनात आलं, घरातलं हे दुखणं मला एकटीला झालं तेवढ्यावर भागलं, तर माझी काही तक्रार नाही. ती धडधाकट आहे, नाचते, धावते, माझ्यावर ओरडते. मला पुरे. खरंच सुखात आहे मी.

२१ मार्च
धाकटीनं फोनवर तासभर डोकं खाल्लं. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ! म्हटलं, तुझे डोळे, तुझी खिडकी.

२३ मार्च
धाकटी दुकानात आली. डाव्या डोळ्याला धूसर दिसतं म्हणाली. खुर्चीत बसवलं. भिंगामागून भिंग लावलं, एकही लागू पडेना. मग लाल फ्रेम आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यासमोर धरली.

"डाव्याला विटका दिसतो गं लाल. जानेवारीतही झालं होतं, मग आपोआप गेलं... तुझीही सुरुवात अशीच होती ना, ताई? म्हणून तर पुड्या घेतल्या."

मी फ्रेम खाली ठेवली.

"तू तेव्हा काय केलं होतंस?"

रडले होते. तिला म्हटलं, "लगेच डॉक्टर गाठला होता. चल, ऊठ."