ताट नसलेलं जेवण

अबू धाबी,
१४ जुलै २०२५

चि. सौ. शर्वाणीस,

अनेक आशीर्वाद. साताऱ्यात छान गारवा असेल आणि तुझा लेक रेयांश मामाच्या लाडाने पुरता बिघडला असेल. इथे नळाच्या गार पाण्याचाही चटका बसतो.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. आमच्या इमारतीतली शुभ्रा सुट्टीला साताऱ्याला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. कागद मध्येच कट करता येत नाही.

आमच्याकडे सध्या ग्रीसचं वारं शिरलंय. आमची पर्णिका ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर तिथल्या एका बेटावर जाऊन आली. तिथे म्हणे उन्हाळ्यात सगळे एका टेबलाभोवती तासन्‌तास बसतात. मधे लहान लहान बशा मांडतात आणि वेगळं ताट कुणालाच नसतं. पाव तोडायचा, एकाच वाडग्यात बुडवायचा आणि गप्पा हाणायच्या. शनिवारी तिने तसाच घाट घातला. बाल्कनीत टेबल, त्यावर निळी चादर. पाच मिनिटांत आमच्या चष्म्यांवर वाफ धरली आणि आमच्या ह्यांनी ऑलिव्ह समजून खजुराची बी तोंडात टाकली. "यल्ला, आत चला," म्हणत त्यांनी तो समुद्रकिनारा एसीखाली हलवला.

कलिंगडावर खारट चीज कुस्करून खातात, हे मला आधी पटेना. आता रोज खाते. वांग्याचे काप होते, सळईवर भाजलेलं चिकन होतं. ग्रीक लोकांचं बडीशेपेच्या वासाचं एक मद्य असतं, पाणी घातलं की दुधाळ होतं. ते आपल्या घरात चालायचं नाही, म्हणून मी बडीशेपेचं सरबत केलं. शेजारच्या खैरुन्निसाने तीन ग्लास रिचवले आणि म्हणाली, "भाभी, ऐसा ग्रीस तो रोज चाहिए."

माझ्या हातून एक घोटाळा झालाच. दही, काकडी, लसूण घालून ते झाझिकी करतात. वरून फक्त ऑलिव्हचं तेल सोडायचं होतं. पण समोर दही-काकडी दिसल्यावर आपला हात कुठला ऐकतोय? फोडणीच्या पळीत मोहरी तडतडली, हिंग पडला, वर दाण्याचं कूटही गेलं. पर्णिकाने कपाळाला हात लावला. "आई, धिस इज नॉट ग्रीक. धिस इज कोशिंबीर."

तेवढ्यात बेल वाजली आणि दारात देवदत्तभावजी उभे.

लिहिलं एकदाचं. दोन पानं इकडचं तिकडचं सांगत बसले ते यासाठीच. पर्णिकाने काकाला बोलावलं, असं मी ह्यांना सांगितलं. फोन मीच केला होता. तू गावी गेल्यापासून ते तिकडे दुबईजवळ जबल अलीत एकटे, रात्री हॉटेलचं पार्सल खातात. मला राहवेना.

दोन वर्षांत दोघे भाऊ एका टेबलाला बसले नव्हते. वेगवेगळी ताटं असती, तर माना खाली घालून जेवून उठले असते. इथे सोयच नव्हती. मधे त्या कोशिंबिरीचा एकच वाडगा, आणि तोही नेमका ह्यांच्या पुढ्यात. हे प्रवासातसुद्धा स्वतःचं फुलपात्र नेणारे, कुणाचं उष्टं चालत नाही. भावजींनी पाव तोडला आणि तसाच हातात धरून बसले. ह्यांनी वाडगा त्यांच्याकडे सरकवला. "घे. फोडणीची आहे." भावजींनी पाव बुडवला, खाल्ला, वाडगा परत सरकवला. मग ह्यांनीही त्यातच पाव बुडवला. मी आत जाऊन डोळे पुसले. पुढे दोघे सळईवरचं चिकन कच्चं की करपलं यावर असे भांडले की खैरुन्निसाला वाटलं, आता खलास. मला मात्र ते भांडण ऐकून फार बरं वाटलं.

निघताना हे दारात म्हणाले, "देवा, त्या पाटीचं माझं चुकलं." मुसफ्फाच्या वर्कशॉपवर राबायचं दोघांनी आणि पाटीवर नाव एकट्या ह्यांचं, चंद्रहासचं, हे सगळ्यांसमोर तू बोलली होतीस. त्यावरून घर दुभंगलं आणि खापर तुझ्या माथ्यावर फुटलं. भावजी चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "दादा, हे मला नको सांगूस. तिला सांग. ती यायला तयार झाली, तरच मी पुन्हा इथे जेवेन."

त्यांनी तुझी बाजू सोडलेली नाही, शर्वाणी. हे तुला कळावं म्हणून एवढा खटाटोप. शनिवारचं ते टेबल पुन्हा मांडायचं की नाही, ते आता तुझ्या हातात आहे. मला तू त्या टेबलाशी हवी आहेस.

खाली जागा सोडते आणि पेन ह्यांच्या हातात देते. अर्धा तास झाला, समोर बसून आहेत.

तुझी,
सुलक्षणाताई

शर्वाणी,
तू बोललीस ते खरं होतं. वाईटपणा तू घेतलास आणि मी तो घेऊ दिला. ये. विमानतळावर आम्ही दोघे भाऊ येतो.
चंद्रहास