पाण्याच्या टाकीवरचं आकाश

९ मार्च

प्रिय दादा,

'प्रिय' लिहावं की नाही, या विचारात चहा गार झाला. लिहिलंय, राहू दे.

इकडे सगळे ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? यांचा खोकला एकदाचा थांबला. स्टुडिओ चालू आहे. परवा एक बाई लेकीच्या लग्नाचं काम ठरवायला आल्या आणि म्हणाल्या, "पण तुम्ही खरे फोटो काढता ना? ते स्पर्धेचं कानावर आलं." विचारून सांगते म्हणून गेल्या, त्या गेल्याच.

म्हणजे तुझा निकाल इथवर पोचला बरं का! "या शहरातून इतकं काळंभोर आकाश दिसणं अशक्य. छायाचित्र संगणकावर बनवलेलं असल्याने बाद." खाली प्रमुख परीक्षकाची, म्हणजे तुझी, झोकदार सही.

अशक्य? अरे, कुणाला सांगतोस! लेन्सवर लावायची ती फिल्टरची काच मला कुणी आणून दिली? रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड ती अडवते आणि ताऱ्यांचा आत सोडते, हे कुणी शिकवलं? लेन्सवर घट्ट अडकून बसली तेव्हा रबरबँड गुंडाळून कुणी सोडवली? आणि आता तूच विचारतोस, आकाशातला नारिंगी धुरकटपणा गेला कुठे! काचेनं अडवला, दादा, तुझ्याच काचेनं!

मूळ फाइल सोबत पाठवली होती. ती उघडायचे कष्ट घेतले नाहीस. वर फोनवर म्हणतोस, "चिडतेस काय, पुन्हा काढून दाखव." कशी दाखवू? शहरभर पांढरे दिवे आलेत. पिवळे उरले होते फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून तर जानेवारीत तिथं जाऊन मृग नक्षत्र टिपलं. आता तिथलेही दिवे बदलले. त्या पांढऱ्या उजेडापुढे ही काच काही कामाची नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मला बक्षीस नको होतं रे. बहिणीला दिलं असं लोक म्हणतील, ही भीती मी समजू शकते. मग सरळ सांगायचंस, "मी परीक्षक आहे, तू पाठवू नकोस." नसता पाठवला. पण मला खोटारडी ठरवून तू मोकळा झालास.

हेही गिळलं असतं. लहानपणापासून तुझं गिळतच आलेय. पण काल समितीच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांनी मूळ फाइल पाहिली, फोटो खरा असल्याचं त्यांना पटलं. मी म्हटलं, "हे माझ्या भावाला सांगा ना." "कोण भाऊ?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. मग ते चाचरत म्हणाले, "अहो, स्पर्धकांत कुणी नात्यातलं आहे का, हे आम्ही प्रत्येक परीक्षकाला विचारलं होतं. सासरच्या आडनावामुळे आम्हाला काय कळणार? तुमचं नाव असलेला तो आकाशाचा फोटो समोर ठेवून तुमचे भाऊ म्हणाले, 'या बाईंना मी ओळखत नाही.'"

नातं सांगितलं असतंस तर परीक्षकाची खुर्ची सोडावी लागली असती. एवढंच ना?

फोटो बाद केलास त्याचा संताप आला होता. हे ऐकून मात्र मला रडू फुटलं, भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर. त्या माणसाला पासपोर्टचा फोटो न काढताच परत जावं लागलं.

समितीला दोन ओळी लिही. "फोटो खरा आहे" आणि "ती माझी सख्खी बहीण आहे." दुसरी ओळ आधी लिही.

वहिनीला नमस्कार सांग. कुणाचा म्हणून सांगायचं, ते तुझं तू ठरव.

तोवर,
तुझ्या ओळखीची नसलेली
एक बाई