धुराचा बायपास

मंगळवार, दिवेलागण

माह्या नवऱ्याले गोष्ट धड सांगताच येत नाही! शहापूरले जुनं ऑइल साफ कराच्या कारखान्यात आहे. आज जेवताना म्हणे, "मालकानं बायपास करून घेतला."

मी घाबरली. "अगा माय, दिलाचा?"

"अवो पागल, धुराचा! धूर धुवाची टाकी बिघडली. तसाच सोडून राहिलो चिमणीतून."

हासता हासता खोकला आला, तो थांबेच ना. दुपट्ट्यावर काळं पडलं. म्हणते, तंबाखूच्या खर्र्याचं आहे. खर्रा तर मी दिवाळीलेच सोडवला! बायपासचा व्हॉल्व्ह हाच फिरवते, पयला धूर याच्याच छातीत. दुपट्टा दोनदा धुतला, काळं निघतच नाही. मले लय भेव लागून राहिलं.

आता याले तोंडावर इचारतो: मालक टाकी सुधारते का तुमी काम सोडता? शुक्रवारपर्यंत सांगा.