जागा : बाहेर

९ तारीख, सोमवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आयुष्याचे दोन तुकडे झाले ते तेव्हा! त्याआधीचा मी आणि आत्ता हे खरडणारा मी — रस्त्यात भेटलो तर एकमेकांना ओळख देणार नाही.

सकाळपासून वीज नव्हती. जनरेटर दुरुस्तीच्या आमच्या दुकानातून उस्तादांनी स्पार्क प्लग आणायला पाठवलं. प्लगवाला डावीकडे, मी वळलो उजवीकडे, तिच्या गल्लीत. नेहमीसारखाच. ती क्लासवरून नुकतीच आलेली, दारातूनच ओरडत होती, "आई! आई गं!" आत धावलो. काकू स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या. नळ धो धो चालू. शेजारी जिन्याखालच्या खोलीत जनरेटर घरघरतोय. काकूंना उचलून अंगणात आणलं.

डॉक्टर म्हणाले, जनरेटरचा धूर. त्यातल्या विषाला वासही नसतो. अजून दहा मिनिटं गेली असती तर —

अख्खी गल्ली पाठ थोपटत होती. "वाघ आहेस, वाघ!" ती म्हणाली, "तू नसतास तर..." तू! दोन वर्षं नुसतं 'अहो जनरेटरवाले' होतो.

जनरेटर त्या खोलीत मीच ठेवलाय.

१० तारीख, मंगळवार

कागदाला तरी खरं सांगतो.

गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला गेलो होतो. तेल बदललं, एअर फिल्टर साफ केला, बॅटरीची टोकं घासली. तेवढ्यात ती खाली आली. "आवाजाने डोकं उठतं हो, परीक्षा आहे माझी. काही करता येईल का?" करता येईल का! तिने चंद्र मागितला असता तर पाना घेऊन चढलो असतो. मशीन अंगणातून ढकलत जिन्याखाली नेलं. खिडकीत जुनी गादी कोंबली, दोरीने गजांना आवळली. आवाज अर्ध्यावर. ती हसली.

उस्तादांनी शंभरदा सांगितलंय, "बंद मशीन, टाकी रिकामी, तर खुशाल आत ठेव. चालतं मशीन उघड्यावर. पाऊस लागतो तर वर पत्रा घाल, भोवती भिंती घालू नकोस." पाठ आहे मला! एका हसण्यापुढे सगळं साफ.

वर आणखी, मशीनच्या सर्व्हिसिंगच्या कार्डावर खूण केली — 'जागा : बाहेर'. खाली उस्तादांची सही. दर सोमवारी दहा कोरी कार्डं सही करून माझ्या हातात देतात. "तुझ्यावर नाही ठेवायचा तर विश्वास कुणावर ठेवू, इंजिनियरसाहेब?" सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, म्हणून हे नाव.

११ तारीख, बुधवार

काकू अजून शुद्धीवर नाहीत.

आई म्हणाली, "एवढा जीव वाचवलास आणि तोंड का असं सुतकी?" ताट ढकललं. सगळं सांडलं. वर तिच्यावरच ओरडलो. गुपचूप फरशी पुसत बसली बिचारी. नालायक आहे मी.

१२ तारीख, गुरुवार

चौकीवरचे साहेब दुकानात आले. हातात ते कार्ड.

"सही तुमची? मशीन बघून केलीत?"

उस्ताद माझ्याकडे वळले. "तू गेलास तेव्हा मशीन कुठे होतं रे?"

"बाहेर."

"पोरगा बाहेर म्हणतो, म्हणजे बाहेरच असणार साहेब."

जमीन का फाटली नाही? बावीस वर्षांच्या दुकानाला सील लागलं. उस्ताद हवालदाराला म्हणतात कसे, "जरा वरच्या कडीला लावा, खालची ढिली आहे."

१३ तारीख, शुक्रवार

काकूंनी डोळे उघडले! तीनदा विचारलं, "नळ बंद केला का?" मग लेकीकडे टक लावून बघत राहिल्या. "तू कुणाची गं?"

ती बाहेर आली. दवाखान्याच्या जिन्यात माझा हात धरला. "मी तुला मशीन हलवायला लावलं हे बाबांना कळलं तर मेलेच मी. मी त्यांना सांगितलंय, उस्तादांनीच आत ठेवायला सांगितलं. तूही तेच म्हण. माझ्यासाठी?"

तिने हात धरल्याचं या वहीत किती वेळा खोटं खोटं लिहिलंय! आज खरं झालं, आणि अंगावर सरसरून काटा आला. तिचा हात बर्फासारखा गार.

मी हो म्हणालो.

हो म्हणालो!!

१४ तारीख, शनिवार

लिहवत नाही.

१५ तारीख, रविवार

सकाळी उस्तादांची बायको आली. उस्तादांनी चौकीत लिहून दिलं — "मशीन मीच आत ठेवलं."

"असं कसं, मामी? त्यांनी नाही ठेवलं!"

"माहितीये. काल त्यांना ते घर दाखवायला नेलं होतं. गादीच्या दोरीची गाठ बघितली त्यांनी. म्हणाले, ही गाठ मी एकालाच शिकवलीये."

चिडलीसुद्धा नाही माझ्यावर. डबा द्यायला चौकीवर निघून गेली.

फोन वाजतोय. तिचा! आजवर कधी केला नव्हता. वाजू दे.

चपला घातल्यात. उभ्यानेच लिहितोय. वही उघडीच ठेवतो, आईने वाचावी. चौकी दहा मिनिटांवर आहे. दार बाहेरून ओढून घेतो.