ब्रेक लागत होता

पिनार देल रिओ
रविवार, १४ नोव्हेंबर १९९३

लाडक्या ओदालिसला पपाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पायांची सूज उतरली का, ते लिहायचं तू टाळलंयस. आम्ही ठीक. आईचा हात अजून प्लॅस्टरमध्ये आहे. ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस; कागदावर पुठ्ठ्याची पट्टी धरून लिहितोय.

तू लिहितेस, "पपा, तू स्वतः बसवलेला ब्रेक फेल झाला, हे मला पटत नाही. खरं काय ते कळव, नाहीतर मी ट्रेनने निघते." सातव्या महिन्यात! आणि ती ट्रेन, जी कुठल्या शेतात रात्र काढेल ते तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं! घरातून हलू नकोस. सगळं क्रमाने सांगतो.

सायकल मला वर्कशॉपच्या सभेत मिळाली, हे तुला माहीत आहे. बसला डिझेल उरलं नव्हतं. नावं वाचली, हात वर झाले, आणि नार्सिसो उभा राहून म्हणाला, "एबेलार्दोलाच द्या. तो तिला रोज अंघोळ घालेल, पावडर लावेल." सगळे हसले, पण त्याचं खरं होतं. कारखान्यातून आलेली सायकल तशीच चालवायची म्हणजे शिंप्याने टाचलेला कोट घालून लग्नाला जायचं. जेवणाच्या टेबलावर मी ती पूर्ण खोलली. बेअरिंगचे छर्रे धुतले, ग्रीस बदललं, दोन्ही चाकांचा आऊट काढून ती सरळ फिरती केली. तुझी आई म्हणाली, "बरं झालं. नाहीतरी टेबलाला दुसरं काम उरलं नव्हतं."

पहिल्या सकाळचं काय सांगू! थांब्यावर तीच माणसं न येणाऱ्या बसची वाट बघत उभी, आणि मी त्यांच्यासमोरून निघालो. तंबाखूच्या शेतांवर धुकं होतं. चाकाचा आवाज नाही, फक्त चेनची बारीक कुजबुज. एक्कावन्न वर्षांचा माणूस मी, शीळ घालत होतो. आई मागे कॅरियरवर. तिच्यासाठी मी देवदाराची बैठक केली होती, कोपरे गोल करून. चिरूट कारखान्याच्या दारात तिला उतरवायचं आणि पुढे वर्कशॉप गाठायचं. उतरताना रोज तिचं एक ठरलेलं वाक्य: "खड्डा दिसला की त्याला भेटूनच जायचं असतं का तुला?"

त्रासही होता. उलटा वारा, पंक्चर, भिजलेले बूट. मुख्य म्हणजे भूक. पोटात पावाचा तुकडा असताना एवढी जड सायकल ओढायची म्हणजे मांड्या थरथरतात. मग सगळे करतात तेच मी करायचो. एक ग्लास साखरपाणी, एक चिरूट, आणि निघायचं. साखर तेवढी होती.

उन्हाळा संपताना टोमॅटो राखाडी दिसायला लागले. मी म्हटलं, यंदा पीकच वाईट. मग लेथवर माप घ्यायच्या व्हर्नियरवरच्या रेषा एकमेकींत मिसळायला लागल्या. मी म्हटलं, रस्त्याची धूळ. माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तर कान दिसायचे, नाक-डोळ्यांच्या जागी धुराचा ठिपका. यालाही मी काहीतरी म्हटलंच असेल.

न कळायला आई वेडी नाही. त्यांच्या कारखान्यात बायका चिरूट वळत असतात आणि वाचक मंचावर बसून पेपर वाचतो. त्यात अर्धपोटी माणसांची नजर मंद करणाऱ्या साथीचं आलं होतं. संध्याकाळी कॅरियरवरून ती म्हणाली, "म्हाताऱ्या, आज वाचलेलं सगळं तुझंच वर्णन होतं."

मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात तुम्हाला भूकंपाचं वाचून दाखवलं, तेव्हा तुझ्या पायाखाली हललं होतं का?"

ती घरापर्यंत बोलली नाही. मला वाटलं, वाद जिंकला.

आता अपघात. बाजारापुढच्या चौकात सिग्नल आहे. आपल्याकडे रोज वीज जाते आणि मग तो आंधळा उभा असतो. सगळे बेल वाजवत, एकमेकांचा अंदाज घेत निघतात. त्या दिवशी मी मान वर केली, तर दिवा नव्हता. मी म्हटलं, गेली वीज. बेल वाजवली आणि निघालो. डावीकडून ट्रक आला. आई ओरडली, मी हँडल वळवलं. मला खरचटलंसुद्धा नाही. ती उजव्या हातावर पडली, फुटपाथच्या कडेवर.

लोक जमले. मी म्हटलं, "ब्रेक फेल झाला." हॉस्पिटलात तेच, वर्कशॉपात तेच, तुला तारेतही तेच. ब्रेकची ती रबरं मी ट्रकच्या जुन्या टायरमधून कापली होती, रिमच्या उताराला जुळवून घासली होती. या गावात तसा ब्रेक दुसऱ्या कुणाच्या सायकलला नसेल. त्यालाच मी चार लोकांत खोटं पाडलं.

नार्सिसो सायकल बघायला आला. दोनदा अंगणात फिरवून आणली. म्हणाला, "मित्रा, हा ब्रेक लागतोय."

"मी नंतर दुरुस्त केला."

"असं का," तो म्हणाला आणि सायकल भिंतीला टेकवून गेला. कॉफीला थांबला नाही. मी खरंच काही दुरुस्त केलं असतं तर त्यावर भाषणच दिलं असतं, हे त्याला ठाऊक आहे.

आईचं प्लॅस्टर बघायला गेलो, तेव्हा तिनेच मला डोळ्यांच्या खोलीत ढकललं. डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. मला सगळी कोरी. त्यांनी विचारलं, "घरोघर जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्या घेता ना?"

मी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसलो. कड नीट घासलेली नव्हती.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पोरीला पाठवतोस त्या गोळ्या वर्कशॉपात जादा मिळतात म्हणालास."

"हो."

"कोण देतं जादा, एबेलार्दो? या देशात कोण कुणाला जादा देतं?"

मग ती रस्त्यातच रडायला लागली, डाव्या हाताने तोंड झाकून.

तर त्या गोळ्या माझ्या वाट्याच्या होत्या. तिकडे दोन जीव, इकडे एक, असा मी अंदाज केला. अंदाज माझा चुकला, तुझा त्यात काडीचा दोष नाही. आल्या आहेत त्या तू संपव. पुढच्या मी खाईन, आई समोर उभी राहून गिळायला लावते.

उद्या, सोमवारी, मला दाखल करून घेणार आहेत. इंजेक्शनं देतील. रंग बहुधा परत येतील. मधला ठिपका जाईल की नाही, ते बाई सांगत नाहीत. लवकर यायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. लेथवर मी पुन्हा उभा राहीन असं वाटत नाही. आईची बोटं मिटत नाहीत. मिटली तरी पूर्वीसारखं पान वळणार नाही, हे तिच्या मुकादमाने तिला तोंडावर सांगितलं. ती ते मला हसत सांगत होती. तिचा चेहरा मला दिसत नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

हॉस्पिटलला चालत जाऊ. ती रस्ता बघेल, मी पिशवी धरेन.

मी लिहितोय आणि ती शेजारी बसून वाचतेय. मघाशी विचारलं, "आता पुरे?" तर म्हणाली, "एक राहिलंय. ते पट्टी नीट धरून लिही. पोरीला एका नजरेत वाचता यायला हवं."

लिहितो. तू विचारलंस म्हणून, आणि यानंतर तू ट्रेनमध्ये पाय ठेवणार नाहीस या बोलीवर.

त्या दिवशी वीज गेलेली नव्हती, ओदालिस. सिग्नल लाल होता.

ब्रेक मी दाबलाच नाही.

तुझा पपा,
एबेलार्दो