तीनशे एकसष्टाव्या दिवसाची पाटी

तीर्थरूप काकांस,

डाव्या हाताचा साष्टांग नमस्कार. (उजवा सध्या गळ्यात बांधलेला आहे, त्यामुळे आठांतलं एक अंग कमी भरेल, सांभाळून घ्या. अक्षर वेडंवाकडं आलंय तेही त्यामुळेच. अर्थात उजव्यानेही फार बरं येत नसे, हे माझ्या प्रगतिपुस्तकांवर सह्या करून करून तुम्हाला ठाऊक आहेच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? काकूचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत. मीही मजेत, फक्त जरासा तोकडा झालोय.

घाबरू नका. मधल्या बोटाचं एक पेर गेलं आणि शेजारच्या बोटाला अकरा टाके पडले. अंगठा मात्र शाबूत आहे आणि त्याचं सगळं श्रेय तुमचं. निवृत्त होताना तुम्ही मला तुमच्या जागेवर, त्या पुठ्ठे कापायच्या यंत्रावर उभं केलंत आणि एकच उपदेश केलात, "बोटं आत घालावीच लागली, तर अंगठा तेवढा बाहेर ठेव." दुसऱ्या कुणाच्या काकांनी बोटं आत घालूच नकोस असं सांगितलं असतं. पण तुम्ही पहिल्यापासून व्यवहारी माणूस. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

त्या यंत्राला दोन बटणं आहेत, हे मी तुम्हाला काय सांगणार! दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आपोआप बाहेर. ज्याने हे शोधलं तो शहाणा. उजव्या बटणात लाकडी पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो, पुठ्ठा सरळ करता येतो आणि काम दुप्पट उरकतं, हे ज्याने शोधलं तो अतिशहाणा. (राग मानू नका, ती पाचर तुम्हीच तासलीत हे सगळी फॅक्टरी जाणते. तुमच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं घरी लाकडं फोडताना गेली, तो विषय वेगळा.) अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे हात रिकामा झाला, एवढाच फरक.

आता पाटीबद्दल. तुमच्या वेळी ही नव्हती. दाराशी एक काळी पाटी टांगली आहे. 'अपघाताविना दिवस' आणि पुढे खडूने आकडा. तीनशे पासष्ट भरले की प्रत्येकाला एक प्रेशर कुकर. रोज सकाळी आकडा बदलायचा मान माझा, आणि तो मी जिवापाड जपला. पेट्या बांधणाऱ्याच्या पायावर कागदाचं रीळ आलं, तेव्हा 'घरी पलंगाला आपटला म्हण' असं मीच त्याला पढवलं. वायरमन शिडीवरून पडला, तेव्हा तू जेवणाच्या सुट्टीत पडलास आणि सुट्टीतलं पडणं खासगी असतं, हेही मीच त्याच्या गळी उतरवलं. आमच्या पाटीवर विश्वास ठेवला तर आमच्याइतकी सुरक्षित फॅक्टरी जगात नाही, आणि आमच्याइतकी धोक्याची घरंही कुणाची नाहीत.

तीनशे एकसष्टाव्या दिवशी माझी पाळी आली. डिंकाच्या टेबलावरच्या बाईंनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून बाकीचा हात राहिला. सुपरवायझर पळत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे घरी झालंय ना?" रक्त थांबत नव्हतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी मी "हो" म्हणालो. जित्याची खोड.

दवाखान्यात तो तयार कागदच घेऊन आला. 'घरी दारात बोटं चेमटली.' सही जमत नसेल तर अंगठा चालेल म्हणाला. (अंगठा वाचल्याचा खरा आनंद त्यालाच झाला.) मी पुढे सरसावलो होतो, पण तुमच्या सूनबाईने कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाली, "आमच्या घरात आत दारच नाही, पडदा आहे. पडद्यात बोटं चेमटली असं लिहा, मग देते याचा अंगठा." कागदावर अंगठा उठला असता तर माझी भरपगारी रजा गेली असती आणि पाचर जागच्या जागी राहिली असती. असली बायको शोधून दिल्याबद्दल तुमचे आभार मी आजवर मानले नव्हते, ते आता मानतो.

दुसऱ्या दिवशी डिंकाच्या बाई स्टुलावर चढल्या, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि हे एवढं मोठं शून्य काढलं. काका, नव्याच्या भरवशावर या बाईंनी जुना कुकर मुलीला देऊन टाकलाय आणि महिनाभर सगळं पातेल्यात शिजवतायत. मग पेट्या बांधणारा लंगडत पुढे आला आणि म्हणाला, "पाटीवर माझा पायपण लिहा." मग वायरमन. संध्याकाळपर्यंत सात जण झाले. हे मला सांगायला सगळे मिळून घरी आले, तेव्हा मी ढसाढसा रडलो. ज्यांना मी खोटं बोलायला शिकवलं, ते माझ्यासाठी खरं बोलले.

काकूला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा साडेनऊ बोटांचा
पुतण्या

ता. क. काकूला कबूल केलेला कुकर आता मिळणार नाही. तिला तुम्हीच सांगा.

ता. क. २. राहू द्या, मीच सांगितलं. परवा तिचा फोन आला होता. बोलता बोलता मी म्हणालो, काकांची बोटं निदान लाकडं फोडताना तरी गेली. तर ती म्हणाली, "आपल्या घरात कुऱ्हाड होती कधी?" काका, तेव्हा बाबा नुकतेच गेले होते आणि आम्ही तिघं भावंडं तुमच्या पदरात पडलो होतो. नोकरी टिकावी म्हणून तुम्ही नसलेली कुऱ्हाड घरात आणलीत. तुमच्या आठ बोटांवर आम्ही तिघं शिकलो. त्याचे आभार मला दोन्ही हातांनीही लिहिता येणार नाहीत.

ता. क. ३. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. सोमवारी अकरा वाजता सरकारी निरीक्षक येणार आहेत. मालक म्हणतो, या यंत्राने तीस वर्षांत कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही, नोंदवही कोरी आहे, चूक पोराचीच. हे खरं ठरलं तर यंत्राला जाळी बसणार नाही, आणि मंगळवारपासून माझ्या जागेवर पेट्या बांधणारा उभा राहील. त्याला तर अंगठ्याचंही कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही या. बोलायचं काही नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. निरीक्षक विचारतील, या यंत्रावर आणखी कुणाला इजा झाली आहे का? तेव्हा तुम्ही फक्त उजवा हात वर करायचा.