ओट्यावरच्या विटा

आई, वैशाली नगरचं हे घर तू पाहिलं नाहीस. समोरच्या खोलीत खिडकीपाशी मी या आठवड्यात माझी कामाची जागा मांडली. मी घरूनच कारखान्यांची ड्रॉइंगं काढते, दिवसभर कॉम्प्युटरवर. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणला, खुर्चीच्या पाठीला टॉवेलची गुंडाळी बांधली, आणि बसवेनासं झालं की उभ्यानं काम करता यावं म्हणून सुताराकडून एक उंच टेबल करून घेतलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा, मग दुसरा. पहिल्याच दिवशी तशी उभी राहिले आणि हात थांबले. प्लांटच्या सेक्टरमध्ये बाबांना मिळालेल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तू अशीच उभी असायचीस. एक पाय जमिनीवर, एक पाय पाटावर. तुला कोणी शिकवलं होतं?

ओटा तुझ्या उंचीला फार खाली होता. वाकलं की तुझी कंबर धरायची, म्हणून शेजारी बांधकाम चाललं होतं तिथून विटा मागून आणल्यास, त्या ओट्यावर रचून वर फळी टाकलीस आणि फळीवर शेगडी. सकाळी उठलीस की आधी भिंत धरून उभी राहायचीस. चहा उकळेपर्यंत हळूहळू सरळ व्हायचीस. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच उठतात.

मग ते महालक्ष्म्यांचे दिवस. नागपूरहून मोठी आत्या आलेली, घर भरलेलं. आत्या स्वयंपाकघरात येते, विटांकडे बघते आणि हसते. "हे काय वं? देवाचा सैपाक उभ्यानं करते का कोणी? खाली बस. आमाले नाही दुखत का कंबर?" तिनंच शेगडी खाली उतरवली, विटा मागच्या अंगणात नेऊन टाकल्या. तू दिवसभर जमिनीवर बसून पुरणपोळ्या लाटल्यास. संध्याकाळी पंगत उठली, सगळ्याजणी उठल्या, तुला उठता येईना. तू हात टेकलास, गुडघा उचललास आणि पुन्हा बसलीस. बाबा प्लांटमधल्या त्यांच्या ऑफिसच्या मंडळींना पान देत होते. दारातून आत डोकावले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नाटक कायले करून राहिली पाहुण्यांसमोर?" तू ओट्याची कड धरलीस आणि उठलीस. तोंड भिंतीकडे होतं, पण मी भिंतीपाशी खाली बसले होते, मला तुझा चेहरा दिसत होता.

पाहुणे गेल्यावर तू अंगणातून विटा परत आणल्यास. मी एकेक हातात देत होते. मी म्हटलं, "आई, दुखते म्हणून सांगून देत जा ना आत्याले." तू वीट ठेवून माझ्याकडे वळलीस, आणि इतकं चिडलेलं मी तुला क्वचितच पाहिलं. "सांगून काय होते? सांगतलं की लोक तपासाले बसतात, खरं दुखते का खोटं. आपलं काम आपल्या सोयीनं मांडून घ्याचं अन् चूप राहाचं." मग जरा वेळानं माझ्या हातात आदल्या दिवशीची पुरणपोळी गरम करून दिलीस, तुपाची.

माझं दुखणं चाळिशीत सुरू झालं. तुझ्यासारखंच, सकाळी. रायपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचे फोटो पाहिले आणि मणक्याच्या वाताचं एक लांबलचक नाव सांगितलं. मग विचारलं, "घर में और किसी को था? ये अक्सर परिवार में चलता है." मी म्हटलं, "माँ को. सुबह दीवार पकड़कर खड़ी होती थीं." "उनका इलाज कहाँ चला?" मी म्हटलं, "कहीं नहीं, सर. किसी ने पूछा ही नहीं." ते लिहीत राहिले. मला मात्र तिथे त्या खुर्चीत रडू आलं, आणि त्यांना वाटलं मी माझ्या आजारासाठी रडते आहे. तुझ्या दुखण्याला नाव होतं, आई. गोळ्या होत्या. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मला ते कळलं.

बाबा आता माझ्याकडेच असतात. फार थकलेत, काठी घेऊन चालतात. काल सकाळी या खोलीत आले आणि उंच टेबलापाशी थांबले. मी एक पाय पाटावर ठेवून काम करत होते. ते बराच वेळ माझ्या पायाकडेच बघत होते. मग म्हणाले, "तुया आईलेही हेच होतं का?" मी म्हटलं, "हो, बाबा." ते खुर्चीवर बसले. मी आणून दिलेला चहा तसाच गार झाला. मग विचारलं, "ते बोलली कावून नाही?" त्यांना त्या संध्याकाळची आठवण करून द्यावी असं एक क्षण वाटलं. पण त्यांनी काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी नुसता चहा पुन्हा गरम करून आणला.

जाताना दारात वळले. "तुले आता बरं हाय ना, या टेबलानं?" मी म्हटलं, "एकदम बरं हाय, बाबा." नवऱ्यालाही तेच सांगितलं, कामावरच्या लोकांनाही. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायला जागा नाही, म्हणून खरं ते इथे लिहिते. टेबल चांगलं आहे. तरी दुखून राहिलं, आई. खूप दुखून राहिलं.